चेहरा शेवटी

१

मला माणसं काढता येत नव्हती. चित्रकलेच्या शिक्षिकेनं असं लिहिणं बरं दिसत नाही, पण खरं तेच आहे. महाल भागातल्या एका मुलींच्या शाळेत मी चौदा वर्षं चित्रकला शिकवत होते. पानं, फुलं, घागर, कंदील मी फळ्यावर एका दमात काढून दाखवायची. माणूस आला की हात आखडायचा. बोटं केळीच्या फणीसारखी व्हायची आणि पावलं जमत नाहीत म्हणून मी ती साडीच्या घोळाखाली दडवायची. आर्ट मास्टरच्या परीक्षेत मानवाकृतीच्या पेपराला मी दोनदा नापास झाले होते. १९७२ साली तिसऱ्यांदा बसणार होते. मुख्याध्यापिका प्रेमलताबाईंनी सांगूनच ठेवलं होतं, ‘अरुंधतीबाई, यंदा नाही झालं तर वरच्या वर्गांना मला दुसरी कोणी बघावी लागेल.’

म्हणून मी दत्तोपंत देवपुजारींच्या वर्गाला जाऊ लागले. रामदासपेठेत एका बंगल्याच्या मागच्या बाजूला, जिना चढून वर, दर रविवारी सकाळी आठ ते अकरा. खोली लांबट होती. उत्तरेला तीन मोठ्या खिडक्या असल्यामुळे उजेड तिन्ही तास सारखाच असायचा. एका टोकाला लाकडी चौथरा आणि त्यावर बिनहाताची खुर्ची. समोर अर्धगोलात आम्ही चौघं विद्यार्थी. चौथऱ्याच्या बाजूला आतल्या खोलीचं दार होतं, ते नेहमी लोटलेलं. वीस मिनिटं बैठक, मग गजर, पाच मिनिटं विश्रांती, की पुन्हा वीस मिनिटं.

दत्तोपंत साठीचे, पांढऱ्या सदऱ्यातले, फार हळू बोलणारे. त्यांचे नियम थोडे होते. माहीत आहे ते काढायचं नाही, दिसतं तेच काढायचं. खोडरबर आणायचं नाही. काढलेले कागद वर्ग संपेपर्यंत त्यांच्याच कपाटात राहतील. आणि चेहरा शेवटी.

‘आधी हात, पाय, पाठ जमू द्या,’ ते म्हणाले होते. ‘चेहऱ्याची घाई केली की माणूस निसटतो.’

आमच्यासमोर बसायचे ते जागेश्वर निमजे. पन्नाशीचे, सक्करदऱ्याकडे राहणारे. घरचा हातमाग बंद पडल्यावर त्यांना हे काम मिळालं होतं. उघड्या अंगानं, धोतर नेसून ते खुर्चीवर बसले की दत्तोपंत त्यांच्या पावलांभोवती खडूनं रेघ मारून ठेवायचे, म्हणजे विश्रांतीनंतर पावलं त्याच जागी यावीत.

पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, ‘अंग अवघडत नाही का हो?’

‘मागावर बसाची सवय हाये बाई,’ ते हसून म्हणाले. ‘हालू नका म्हन्लं का मी हालत नाई.’

२

दत्तोपंतांनी प्रत्येकाला त्याचं दुखणं नेमून दिलं होतं. माझं दुखणं हात. जागेश्वरांचा डावा हात गुडघ्यावर टेकलेला असायचा, तोच मी चार रविवार काढत होते आणि चारही रविवार तो केळीची फणीच होत होता. माझ्या शेजारी मधुसूदन बसायचा. सीताबर्डीवर दुकानांच्या पाट्या रंगवणारा, तिशीचा, अबोल माणूस. त्याच्याकडे पाठ होती, म्हणून तो कागद लावलेला ईझल घेऊन थोडा मागच्या अंगाला बसायचा.

पाचव्या रविवारी काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मार्च संपत आला होता. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागल्या होत्या आणि त्यांवरचं पाणी खालच्या पत्र्यावर ठिबकत होतं. मी त्या हाताकडे बघत होते, आणि बघता बघता तो हात आहे हेच विसरले. एक उतार होता, एक खळगा होता, अंगठ्याच्या मुळाशी सावली होती. कोळशाची कांडी आपली आपण चालत होती. गजर झाला तेव्हा मी दचकले. कागदावर जागेश्वरांचा हात होता. जड, शिरा फुगलेला, गुडघ्यावर विसावलेला.

दत्तोपंत मागे येऊन उभे राहिले. कागदावर वाकले. मग म्हणाले, ‘हा आला.’

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. जागेश्वर चहा प्यायला उठले होते. कप त्यांनी उजव्या हातात घेतला. डावा हात खाली सोडलेला नव्हता. तो पुढे, कमरेच्या उंचीवर, तसाच वाकलेला होता. त्याच्याखाली अजून गुडघा असावा तसा.

‘मुंग्या आल्या का?’ मी विचारलं.

त्यांनी हाताकडे पाहिलं. ‘मुंग्या नाई वं बाई. हात तं हाये. पन आपला नाई वाटून राहिला.’

३

पुढच्या रविवारीही हात तसाच होता. जागेश्वर सायकल सोडून बायकोबरोबर पायी आले होते. तेव्हापासून ती दर वेळी खाली कडुलिंबाखाली बसून राहायची. मी स्वतःला समजावलं, पन्नाशीच्या माणसाच्या अंगावरून वारं जातं, सांधा धरतो. त्याचा माझ्या चित्राशी काय संबंध?

पण त्या दिवशी मी दुसरंही एक ऐकलं. गजर झाला की जागेश्वर तोंडानं मोठा श्वास सोडायचे. त्या दिवशी त्यांनी श्वास सोडला, आणि लगेच लोटलेल्या दाराआड आणखी कोणीतरी सोडला. तसाच लांब, दमलेला.

पुढच्या गजराला मी कान लावून बसले. पुन्हा तेच.

विश्रांतीत मी दत्तोपंतांना विचारलं, ‘आत कोणी असतं का?’

‘गोदूबाई. जागेश्वरच्या आधी त्या बसायच्या इथे.’

‘आणि आता काय करतात?’

मी काही खुळ्यासारखं विचारलंय अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘बसतात,’ ते म्हणाले.

वर्ग सुटल्यावर जिन्यात मी मधुसूदनला गाठलं. जागेश्वरांच्या हाताबद्दल बोलले. त्यानं मागे वळून वरच्या दाराकडे पाहिलं.

‘बाई, तुम्ही त्यांची पाठ पाहिली?’ तो हळूच म्हणाला. ‘ते चालतात तेव्हा पाहा. होळीच्या आधी मी ती पाठ पुरी केली. तेव्हापासून सरळ नाही झाली.’

‘मग तू अजून येतोस कशाला?’

‘तुम्ही काहून येता?’ तो म्हणाला, आणि झपाझप उतरून गेला.

४

मी शिकलेली बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि ठेवायचाही नव्हता. मी जागेश्वरांना धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हातोडीनं ठोकून पाहिलं, टाचणी टोचून पाहिली. मग एकेक बोट उघडलं. बोटं सहज उघडली. डॉक्टरांनी हात सोडला तशी ती सावकाश, न थरथरता, पुन्हा आपल्या जागी गेली.

‘लकवा नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘सांधाही धरलेला नाही. हा हात...’ त्यांनी तो पुन्हा उचलून सोडला. ‘हा हात कशावर तरी ठेवलेला आहे असं वाटतं.’

त्या क्षणी मी ठरवलं की आता वाईट काढायचं. एवढं तर मला येतच होतं, चौदा वर्षं दुसरं काही केलं नव्हतं. पुढच्या रविवारी दत्तोपंतांनी मला उजवा हात दिला. मी मुद्दाम फणी काढायला गेले. बोटं सारखी करायला गेले. जमेना. डोळे एकदा उघडले ते मिटेनात. कांडी जिथे जायला हवी तिथेच जायची. मी ती खाली ठेवली, हात मांडीखाली दाबून बसले. तर बोटं मांडीखालीच हलू लागली. साडीवर, खुर्चीच्या कडेवर, तो उतार, तो खळगा.

शाळेतही तेच. मुलींची हजेरी घेताना माझी पेन्सिल समासात कोणाचं मनगट, कोणाची मान काढत असायची. मी पेन्सिल हातात घेणंच सोडलं. फळ्यावर लिहायचं काम मुलींना देऊ लागले. वर्गाला जाणं मात्र सोडता आलं नाही. शनिवारी रात्री ठरवायची, नाही जायचं. आठ वाजता मी जिना चढत असायची. माझ्या खुर्चीवर कोणी दुसरं बसलं आणि त्यानं तो उजवा हात पुरा केला तर? निदान मी आहे तोवर तो अर्धाच राहील, असं मी मनाला सांगायची. ते खरं होतं, की मला नुसतं काढायचं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही.

५

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मी सक्करदऱ्याला त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत माग होता, त्यावर गोधड्या ठेवलेल्या. जागेश्वर स्टुलावर बसले होते. पाठ तशीच, हात गुडघ्यावर, उजवं पाऊल जरा मागे. नजर समोरच्या भिंतीवर. मला पाहून डोळे वळले, मान नाही.

त्यांची बायको तुळजाबाई. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज खणखणीत.

‘घरी बी असेच बसून राह्यतात,’ ती म्हणाली. ‘मी घास भरवतो तेव्हा खातात. बाई, तुमी त्याईले दवाखान्यात नेलं, तुमचे उपकार हायेत. पन तिथं तुमी करता काय? माया नवऱ्याचं काय करून राहिले तुमी लोकं?’

‘जागेश्वर,’ मी म्हणाले, ‘तुम्ही उद्यापासून येऊ नका. मी दत्तोपंतांना सांगते.’

‘येतो बाई,’ ते म्हणाले. ओठ जेमतेम हलत होते. ‘बाकी कुठंबी बसलो का दुखते. आंग ओढल्यासारखं होते. त्या खुर्चीवर बसलो का दुखत नाई.’

तुळजाबाई डोळ्याला पदर लावून बाहेर गेली. मी तिथेच उभी राहिले. त्या माणसाचा डावा हात मी केला होता. उजवा अर्धा केला होता. आणि तो तक्रार न करता माझ्याकडे बघत होता.

६

सात मेच्या रविवारी मी पोचले तेव्हा सगळे आधीच बसलेले होते. तिघांचे कोरे कागद लागलेले होते. जागेश्वर खुर्चीवर होते. दत्तोपंतांनी पहिल्यांदाच त्यांची हनुवटी दोन बोटांनी उचलून उजेडाकडे वळवली.

‘आज चेहरा,’ ते म्हणाले.

मी मधुसूदनकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता, पण कांडी हातात होती. माझीही उजवी मूठ मिटलेली होती आणि मिटलेल्या मुठीत कांडी होती. ती मी कधी उचलली ते मला कळलं नव्हतं. जागेश्वरांचे डोळे माझ्यावर होते. मी त्यांच्या पापणीचा उतार बघू लागले होते. फार सुंदर उतार होता तो.

मी कांडी फेकली आणि उठले. काढणारा हात थांबवायचा दुसरा उपाय मला सुचला नाही.

‘त्यांना आज बरं नाही. त्यांच्या जागी मी बसते.’

दत्तोपंत रागावले नाहीत. किंचित हसले. ‘बसा. तुम्हाला बसता येईल असं मला वाटतच होतं.’

मी जागेश्वरांना दंडाला धरून उठवलं. ते वाकलेलेच दारापर्यंत गेले, मागे वळून पाहता येईना म्हणून क्षणभर तसेच थांबले, आणि पायऱ्या उतरू लागले. मी खुर्चीवर बसले. दत्तोपंतांनी माझ्या पावलांभोवती खडू फिरवला. मग माझ्याच ईझलपाशी जाऊन, माझीच कांडी उचलून, ते स्वतः काढू लागले. इतक्या महिन्यांत त्यांना काढताना मी पाहिलं नव्हतं.

आधी काही नाही झालं. ताटीचं पाणी ठिबकत होतं, घड्याळ टिकटिकत होतं. मी मनात हसलेसुद्धा. मग डाव्या पावलाच्या कडेनं काहीतरी फिरलं. थंड नाही, गरम नाही. रेघ. टाचेपासून करंगळीपर्यंत, एकदाच. आणि ती जिथून गेली तिथे माझं पाऊल शांत झालं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. तिथे दुखणं नव्हतं, खाज नव्हती, हलायची इच्छाच नव्हती. जागेश्वर इथे का येत होते ते मला कळलं, आणि तेव्हा मी खरी घाबरले.

मला उठायचं होतं. गजर होईपर्यंत थांब, असं मीच मला सांगत होते. वर्गात बैठक मोडायची नसते.

त्या खुर्चीवरून आतल्या दाराची फट दिसत होती. समोर बसणाऱ्यांना ती दिसत नसे. फटीतून एक गुडघा दिसत होता, हिरवट विटक्या लुगड्यातला. त्यावर हात. हातावर आणि लुगड्यावर सारखीच धूळ बसलेली, पुस्तकांवर बसते तशी. मी त्या हाताकडे बघत राहिले. तो फार सुरेख होता, कोणीतरी फार मन लावून पाहिलेला.

गजर झाला. आतून श्वास सुटला. माझा सुटला नाही.

‘आज विश्रांती नको,’ दत्तोपंत म्हणाले.

मधुसूदननं सामान गोळा केलं आणि माझ्याकडे न बघता तो निघून गेला. इतर दोघंही गेले. रेघ उजव्या पावलाला लागली. टाच जरा उचललेली होती, ती तशीच राहिली. मी ओरडले का? मला वाटतं मी ओरडले. पण कागदाची करकर मला स्पष्ट ऐकू येत होती, त्यावरून आवाज बाहेर आला नसावा.

७

जिन्यावर धाड धाड पावलं वाजली. तुळजाबाई आत आली. खाली गेल्यावर जागेश्वरांनी तिला एवढंच सांगितलं होतं, ‘बाई माया जागी बसली.’

‘उठा वं बाई!’

मी तिच्याकडे डोळे वळवले. तिनं एका नजरेत सगळं पाहिलं. तिला कागद, कोळसा, दिसणं, काढणं यातलं काही ठाऊक नव्हतं आणि म्हणूनच कदाचित तिनं वेळ घालवला नाही. तिनं माझ्या काखेत हात घातले आणि पोतं उचलावं तसं मला खुर्चीवरून उचललं. पाय सोडून बाकी अंगात आग लागल्यासारखं झालं.

मला भिंतीशी टेकवून ती ईझलकडे वळली. ‘फाडतो मी हे!’

‘फाडा,’ दत्तोपंत शांतपणे म्हणाले. ‘पण त्यांचे पाय आता त्यात आहेत. पाहा बुवा, तुमची मर्जी.’

तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी, शिकलेली बाई, मान हलवली. नको.

कपाट उघडंच होतं. जागेश्वरांच्या हातांचे आणि पाठीचे कागद मी मागितले, आणि दत्तोपंतांनी ते मुकाट्यानं काढून दिले, जसे काही त्यांना आता नकोच होते. माझा कागद मात्र त्यांनी दिला नाही. त्यांच्या हातून तो हिसकून घ्यायला जाताना फाटला असता तर? तुळजाबाईनं मला पाठीवर घेऊन जिना उतरवला. खाली जागेश्वर कडुलिंबाला टेकून उभे होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात उठत नव्हता.

८

धंतोलीच्या त्याच डॉक्टरांनी माझे पाय तपासले आणि या वेळी फी घेतली नाही. डावं पाऊल सपाट, उजव्याची टाच अर्धा इंच वर. तेवढ्या उंचीची चप्पल करून घेतली. काठी घेऊन मी चालायला शिकले. लोक विचारतात, लहानपणी पोलिओ झाला होता का. मी हो म्हणते.

परीक्षा मी पास झाले. मानवाकृतीत पहिला वर्ग मिळाला. त्यानंतर माणूस काढला नाही.

जुलैमध्ये काठी टेकत रामदासपेठेला गेले तर वरची खोली रिकामी होती. बंगल्याच्या मालकीण यमुताई म्हणाल्या, ‘ते तर जूनमध्येच गेले हो. सामान टेंपोत भरून. कुठं गेले, सांगितलं नाही.’ आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. जमिनीवर धूळ होती आणि तिच्यात दोन पावलांएवढी स्वच्छ जागा होती. पुष्कळ शोधलं. अमरावती, जबलपूर, रायपूर, जिथे कुठे चित्रकलेचे वर्ग चालतात तिथे पत्रं टाकली. कोणी त्यांचं नाव ऐकलेलं नव्हतं.

जागेश्वरांचे कागद माझ्या पेटीत आहेत. कोणी त्यांना हात लावत नाही. म्हणून असेल, पण जागेश्वरांचं दुखणं पुढे वाढलं नाही. पाठ वाकलेली आणि डावा हात तसाच, पण आता पुन्हा चालतात, बोलतात, घरातच थाटलेल्या छोट्या दुकानात सुताच्या लडी अर्ध्याच राहिलेल्या उजव्या हातानं मोजून देतात. तुळजाबाई संक्रांतीला न चुकता येते आणि माझ्या पायांना तेल लावून देते. उपयोग नाही हे दोघींनाही ठाऊक आहे.

अकरा वर्षं अशी गेली. मला वाटलं, एवढ्यावर भागलं.

या दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी मी भाजी निवडत होते. उजव्या पोटरीवरून रेघ फिरली.

दत्तोपंतांचा हात नव्हता तो. त्यांची रेघ एकदाच जायची. ही दोनदा गेली, चुकली, पुन्हा आली, फार दाबून आली. कोणीतरी नवशिकं. पोटरी नीट जमली नाही त्याला, म्हणून मला अजून तिथे थोडं जाणवतं. पुढच्या रविवारी आठ वाजता तो परत आला. वीस मिनिटं, मग थोडा वेळ काही नाही, मग परत वीस मिनिटं. महिन्याभरात त्याला गुडघा साधला. कमरेला पोचला तेव्हा त्यानं साडीच्या निऱ्यांच्या सावल्या इतक्या हळुवार धरल्या होत्या की माझी विद्यार्थिनी असती तर मी तिला वर्गात उभं करून शाबासकी दिली असती.

कोण आहे ठाऊक नाही. कुठल्या गावी, कुठल्या माडीवर, तेही नाही. तो सुधारतो आहे एवढं मला कळतं. गेल्या रविवारी डावा खांदा एका रेघेत काढला.

रात्री बसल्याबसल्या मी एकच विचार करत असते. जुना अर्धा कागद समोर ठेवून कोणी पुढचं मनानं काढत असेल, असं मी आधी धरून चालले होते. पण मी स्वतः त्या वर्गात शिकले आहे. मनानं काढलेली रेघ वेगळी असते, ती लपत नाही. अशी रेघ यायला समोर कोणीतरी बसलेलं असावं लागतं. मग तिथे, माझ्या पावलांवर, कोण बसलं आहे?